गेलेला करंट परत येईना

सकाळी ७.३०

वॉरिकशरमधल्या एका शेतावर जुनी गवताची कोठारं आहेत. एकात सुतार, दुसऱ्यात सायकलींचा कारागीर आणि तिसऱ्यात आमचं वर्कशॉप. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार दुरुस्त करणं हा धंदा. इंजिन आणि गिअरबॉक्स मालक स्वतः बघतात, वायरिंग माझ्याकडे. पलीकडे घोड्यांचा तबेला आहे, म्हणून नऊच्या आत हॉर्न वाजवायचा नाही, एवढा एकच नियम भिंतीवर लिहून लावलेला आहे. आज नेमकं हॉर्नचंच काम असल्यानं दिवसाची आखणी त्या नियमाला धरून करावी लागणार.

जॉब कार्ड असं: ‘एमजीबी रोडस्टर, १९६५. हॉर्न वाजत नाही. उजवा इंडिकेटर कधी लुकलुकतो, कधी नुसताच पेटून राहतो. तो दिला की डावीकडचा ब्रेकचा दिवा मिणमिणतो. मागच्या हिवाळ्यात गाडी पूर्ण रंगवून घेतली.’

गाडीच्या मालकीणबाईंनी शेवटचं वाक्य कौतुकानं लिहिलं असावं. मी त्याच्याखाली पेन्सिलनं रेघ मारते, कारण निम्मं निदान तिथेच आहे.

गाडी त्यांना एप्रिलमधल्या एका रविवारी हवी आहे. त्या दिवशी इंग्लंडभर जुन्या गाड्या रस्त्यावर काढतात. २३ एप्रिल १९०० रोजी सुरू झालेल्या हजार मैलांच्या मोटार फेरीची ती आठवण. त्याच्या आधीचे काही आठवडे आमच्याकडे रांग असते, आणि रांगेतल्या बहुतेक गाड्यांची तक्रार इंजिनाची नसते. सहा महिने गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीत आधी विजेचे सांधे बसतात.

सकाळी ८.१५

इचलकरंजीचा मुलगा सायकलवरून येतो. कॉव्हेंट्रीला एमएस्सी करतोय, विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला वीस तास काम करता येतं, त्यातले दोन दिवस आम्हाला देतो. मी स्वतः पुण्यात वायरिंग हार्नेसच्या कंपनीत होते, मग नव्या गाड्यांच्या नोकरीनं गेडनला आणलं. तिथल्या गाड्यांमध्ये इंडिकेटरची काडी हलवली की संदेश एका कॉम्प्युटरकडून दुसऱ्याकडे जातो आणि दिवा लावायचा की नाही हे तो दुसरा ठरवतो. इथे वायर, स्विच आणि बल्ब. म्हणून मी इथे आले.

एमजीबी १९६२ मध्ये आली आणि १९८० पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला बनत राहिली. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, म्हणून आजही सुटे भाग सहज मिळतात. बॉनेट उघडल्यावर मुलगा थबकतो.

“ताई, हे इंजिन मी पाहिलंय.”

“पाहिलंच असणार. अँबॅसिडरमध्ये.”

बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी-सिरीज इंजिन. हिंदुस्तान मोटर्सनं ते १४८९ सीसीचं वापरलं, इथे ते १७९८ सीसीचं आहे. त्याच्या आजोबांची गावी अँबॅसिडरची टॅक्सी होती. इंजिनाशी त्याची ओळख घरचीच, पण वायरिंगशी नाही.

सीटमागचा गालिचा उचलला की पत्र्याचं झाकण लागतं आणि त्याखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एकामागे एक जोडलेल्या. मी त्याला व्होल्टेज मोजायला सांगते. तो सवयीनं काळी तार बॉडीला लावतो आणि लाल तार बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला.

“मीटर उणे साडेबारा दाखवतोय. बॅटऱ्या उलट्या बसवल्यात.”

“नाही, बरोबर आहेत. ही पॉझिटिव्ह अर्थची गाडी आहे.”

१९६७ च्या अखेरीस एमजीबीचं दुसरं रूप आलं, डायनॅमो जाऊन अल्टरनेटर बसला आणि बॉडी बॅटरीच्या ऋण टोकाला जोडली गेली. त्याआधीच्या गाड्यांत बॉडी धन असते. हॉर्नला आणि साध्या बल्बला याचं सोयरसुतक नसतं, तारा कशाही जोडा, चालतात. इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं मात्र तसं नाही. बाजारातला मोबाइल चार्जरचा सॉकेट इथे डोळे झाकून जोडला तर जळतो. म्हणून कामाला हात घालण्याआधी मी कुठल्याही जुन्या गाडीचं हे आधी तपासते, आणि गाडीच्या मालकांनी सांगितलेलं असलं तरी मीटर लावते.

सकाळी ९.००

आता तक्रारी वेगळ्या करायच्या. बाईंचा समज असा की हॉर्न आणि इंडिकेटर एकाच वेळी बिघडले, म्हणजे बिघाडही एकच असणार. फ्यूज बॉक्स पाहिला तर तसं वाटत नाही. या गाडीत कामाचे फ्यूज दोनच. एकातून नेहमी जिवंत असलेल्या गोष्टी जातात, हॉर्न त्यांतला. दुसऱ्यातून चावी फिरवल्यावर चालणाऱ्या, म्हणजे इंडिकेटर, ब्रेकचे दिवे, वायपर, पेट्रोलचा काटा. हॉर्न आणि इंडिकेटर दोन वेगळ्या घरांतले आहेत.

वायरींचे रंग मी मुलाला फळ्यावर लिहून देते. तपकिरी म्हणजे थेट बॅटरीचा. जांभळा म्हणजे तोच, फ्यूजमधून आलेला. पांढरा चावीनंतरचा, आणि तो फ्यूजमधून गेला की हिरवा. हिरव्यावर लाल रेघ असेल तर डावा इंडिकेटर, पांढरी रेघ असेल तर उजवा. जांभळ्यावर काळी रेघ हॉर्नच्या बटणाकडे जाते. नुसता काळा म्हणजे अर्थ. ही रंगसंगती ल्युकसची, आणि ती एकदा डोक्यात बसली की त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांचं वायरिंग नकाशाशिवाय वाचता येतं.

ल्युकसबद्दलचा विनोद इथे प्रत्येक ग्राहक सांगतोच. जोसेफ ल्युकसनं एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमला दिव्यांचं तेल विकण्यापासून सुरुवात केली. पुढे त्या कंपनीचे दिवे, डायनॅमो, हॉर्न आणि स्विच जवळजवळ साऱ्या ब्रिटिश गाड्यांत गेले, आणि गाड्या रस्त्यात बंद पडू लागल्या तसं लोकांनी त्याला ‘अंधाराचा राजपुत्र’ ही पदवी दिली. भारतात टीव्हीएसबरोबरच्या भागीदारीमुळे हे नाव आपल्याकडच्या गॅरेजवाल्यांनाही परकं नाही. मला तो विनोद फारसा पटत नाही. साठ वर्षांच्या गाडीतली ल्युकसची वायर मी कापून पाहते, तेव्हा आतलं तांबं बहुधा अजून शाबूत असतं. बिघाड असतो तो वायर जिथे संपते तिथे.

फ्यूज काचेचे आहेत, दोन्ही धड. मुलगा खूण करून पुढे निघतो, मी त्याला थांबवते. फ्यूज चांगला म्हणजे फ्यूजची जागा चांगली असं होत नाही. उजवा इंडिकेटर आणि ब्रेक दोन्ही चालू ठेवून पांढऱ्याच्या आणि हिरव्याच्या टोकांमध्ये मीटर लावला, तर जवळजवळ एक व्होल्ट तिथेच अडकलेला दिसतो. फ्यूज धरणाऱ्या पितळी चिमट्यांवर हिरवट थर चढलाय. ब्रशनं घासून, चिमटे जरा आत दाबून पुन्हा मोजलं की तो व्होल्ट सुटतो.

जाता जाता फ्यूजवरचा आकडाही वाचायला लावते. ३५ अँपिअर. ल्युकसच्या फ्यूजवर तो कितीला वितळतो ते लिहिलेलं असतं. सतत वाहून नेण्याची त्याची मर्यादा १७ आहे. इतर ठिकाणच्या फ्यूजवर सतत चालणारा आकडा छापतात. कुणी दुकानातून तसला ३५ चा फ्यूज आणून बसवला, तर रक्षण निम्मं होतं आणि वितळायची वेळ वायरीवर येते.

सकाळी ९.४५

घोड्यांची वेळ संपली, आता हॉर्न. पुढच्या जाळीमागे दोन आहेत, एक वरच्या पट्टीचा, एक खालच्या. जुन्या एमजीबीत हॉर्नला करंट कायम पोचलेला असतो. स्टेअरिंगमधलं बटण करंट देत नाही, ते परतीची वाट जोडून देतं. म्हणून इथे बटण दाबल्यावर आवाज आला नाही, तर ‘करंट येत नाही’ असं म्हणून वायरिंग उपसायचं कारण नसतं.

जांभळ्या वायरीवर पूर्ण व्होल्टेज आहे. मग हॉर्नचं दुसरं टोक, काळ्या रेघेचं, मी एका जाड वायरीनं थेट बॉडीच्या उघड्या पत्र्याला टेकवते. एक हॉर्न घोगरा ओरडतो. दुसरा गप्प.

एका चाचणीत दोन गोष्टी कळल्या. एक, एका हॉर्नमध्ये दोष आहे. दोन, बटणापासून बॉडीपर्यंतच्या वाटेतही दोष आहे, नाहीतर निदान घोगरा तरी वाजला असता.

गप्प हॉर्न खोलून बाकावर आणतो. आतली रचना मुलाला मजेशीर वाटते. विद्युतचुंबक पातळ पडद्याला आत ओढतो, ओढता ओढता एक संपर्क उघडतो, करंट तुटतो, पडदा मागे येतो, संपर्क पुन्हा जुळतो. हे सेकंदाला शेकडो वेळा. त्या संपर्काच्या टोकांवर गंज धरला की सगळं थांबतं. गुंडाळी मोजली, ती शाबूत आहे. मग मागचा छोटा स्क्रू थोडा पुढे-मागे करून हॉर्नला बॅटरी देत राहायचं. चौथ्या-पाचव्या झटक्याला तो खाकरतो आणि सुटतो.

सूर लावायची पद्धत कारखान्याच्या पुस्तकातली आहे. स्क्रू उलट्या दिशेनं फिरवत न्यायचा, आवाज बंद पडतो ती जागा सापडली की तिथून पाव फेरा परत. कानाला गोड लागेल तिथे थांबायचं नाही, कारण तिथे हॉर्न जास्त करंट ओढतो आणि टोकं पुन्हा जळतात. साधारण साडेतीन अँपिअर, तेवढ्यात तो समाधानी असला पाहिजे.

सकाळी ११.००

चहा. मालकांचा चहा दुधाळ, आमचा आल्याचा, थर्मासमधला. मुलगा विचारतो, सगळी वायरिंग बदलून का टाकत नाही? जुन्या पद्धतीचं कापडी वेष्टनाचं नवं हार्नेस मिळतं, त्याला माहीत आहे.

“मिळतं. पण ते जोडायचं कशाला?”

“बॉडीला.”

“आणि बॉडी कशी आहे?”

तो गाडीकडे पाहतो. गडद हिरवी, आरशासारखी. उत्तर त्याला कळतं, पण पूर्ण पटायला दुपार व्हावी लागेल.

सकाळी ११.१५

स्टेअरिंगच्या मधोमध एमजीचं अष्टकोनी चिन्ह असलेलं बटण. कडेला कापड धरून पातळ पट्टीनं हलकेच उचललं की निघतं. हॉर्नची वायर खालून येते आणि चाक फिरत असतं, म्हणून मध्ये एक पितळी कडं असतं आणि त्यावर स्प्रिंगनं टेकलेली एक छोटी कांडी. बटण दाबलं की त्या कांडीतून आलेली वाट स्टेअरिंगच्या दांड्याला जुळते, आणि दांडा खाली युनिव्हर्सल जॉइंट, रॅक, आडवी तुळई असं करत बॉडीला.

कड्यावर जुनं ग्रीस काळं पडलंय. बटण दाबून ठेवून काळ्या रेघेच्या वायरीपासून बॉडीपर्यंत मोजलं तर सात व्होल्ट. म्हणजे बारातले सात वाटेतच संपतात, हॉर्नच्या वाट्याला पाच. कडं आणि कांडी साफ केली, आकडा अडीचवर आला. उरलेले अडीच खालच्या सांध्यांत.

इथे मुलानं ओहममीटर काढला आणि दांड्यापासून बॉडीपर्यंत अर्ध्या ओहमपेक्षाही कमी भरलं. “एवढंच? हे तर चांगलं आहे.”

जुन्या गाडीत हाच आकडा सर्वांत जास्त फसवतो. ओहममीटर नखाएवढा करंट सोडून मोजतो. दोन हॉर्न मिळून सात अँपिअर मागतात. एक तृतीयांश ओहमचा अडथळा सात अँपिअरला दोन-अडीच व्होल्ट खातो. अडथळा किती, हे विचारायचं नाही. काम चालू असताना तो किती व्होल्ट गिळतो, ते विचारायचं. वायर जाडजूड आहे की दोरा उरलाय, हे भार टाकल्याशिवाय मीटरला सांगता येत नाही.

एमजीबीची पुढची तुळई रबराच्या गाद्यांवर बसते. बॉडीशी तिची विजेची ओळख फक्त बोल्टांमधून. हे बोल्ट नव्या रंगावर कसलेले, खाली गंजरोधक लेप. आम्ही रॅकपासून बॉडीच्या घासलेल्या जागेपर्यंत तांब्याची चपटी वेणी बसवतो. बाहेरून दिसत नाही, आणि पुढचा रंगारी काय करतो यावर हॉर्न अवलंबून राहत नाही. पुन्हा मोजलं, एक दशांश व्होल्ट.

बटण दाबल्यावर दोन्ही सूर एकत्र लागतात. तबेल्यातून एक घोडा उत्तर देतो.

दुपारी १.००

डबा. मुलाकडे शेंगदाण्याची चटणी, गावाकडून आलेली, माझ्याकडे कालची भाजी-पोळी.

गप्पा हॉर्नवर. इथल्या वाहतुकीच्या नियमांत रात्री साडेअकरा ते सकाळी सात वस्तीत हॉर्न वाजवायला मनाई आहे. उभ्या गाडीतूनही वाजवायचा नाही, दुसऱ्या गाडीपासून धोका असेल तरच. बाकी वेळी ‘मी इथे आहे’ एवढं सांगण्यापुरता. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये ट्रकांच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ बंद केलं. मुलगा म्हणतो, पाटी गेली, आवाज कुठे गेला? इथे वर्षभरात हॉर्न न वाजवणारे लोक आहेत, म्हणूनच तो मेलेला असला तरी कळत नाही. कळतं ते नको त्या वळणावर.

दुसरा मुद्दा तपासणीचा. इंग्लंडमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या आणि फारशा न बदललेल्या गाड्यांना मे २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणी माफ आहे. सवलत तपासणीतून आहे, जबाबदारीतून नाही. गाडी रस्त्यावर आणायची तर ती धड असणं कायद्यानं मालकावरच आहे. पण वर्षातून एकदा कुणीतरी परका माणूस इंडिकेटर चालू करून गाडीमागे जाऊन उभा राहायचा, ते थांबलं. पुढचा दिवा ड्रायव्हरला भिंतीवर पडलेल्या उजेडातून तरी दिसतो. मागचा कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

दुपारी १.४५

इंडिकेटर. मुलाला मागे उभं करते, मी आत. उजवा देते. पुढचा पिवळा पेटतो आणि पेटूनच राहतो. मागून आवाज येतो: “उजवा पिवळा अगदी मंद. उजवा लालही थोडा. आणि डावा लाल!”

“आता ब्रेक दाबते.”

“उजवा पिवळा गेला!”

हा प्रकार मला अख्ख्या वायरिंगमध्ये सगळ्यात आवडतो, कारण त्यात करंट स्वतः येऊन पत्ता सांगतो. मागच्या दिव्यात इंडिकेटर, ब्रेक आणि पार्किंग असे तीन फिलॅमेंट, आणि तिघांची परतवाट एकच: दिव्याचं धातूचं घर आणि त्याचे बॉडीतले बोल्ट. ती वाट बंद झाली की करंट थांबत नाही, मुख्य रस्ता खणलेला दिसल्यावर वाहनं गल्लीबोळांत शिरतात तसा तो शिरतो. इंडिकेटरच्या फिलॅमेंटमधून निघून शेजारच्या ब्रेकच्या फिलॅमेंटमधून उलटा, तिथून ब्रेकच्या वायरीनं पलीकडे, डाव्या ब्रेकच्या दिव्यातून बॉडीला. तीन फिलॅमेंट एकामागे एक, म्हणून तिघंही मिणमिणते. ब्रेक दाबला की त्या गल्लीच्या तोंडाशीही बॅटरी येऊन उभी राहते, मग तिकडून जायला जागा नाही, उजवा पिवळा विझतो.

मग पुढचा दिवा लुकलुकत का नाही? फ्लॅशरमुळे. पितळी रंगाचा तो छोटा डबा उष्णतेवर चालतो. आतून जाणारा करंट एका पट्टीला तापवतो, पट्टी टक्कन वाकून संपर्क तोडते, थंड झाली की परत येते. पुढचा आणि मागचा एकवीस-एकवीस वॅटचे बल्ब मिळून साडेतीन अँपिअर वाहतात, पट्टी त्या मापाची आहे. मागचा बल्ब आपला वाटा ओढत नसेल तर पट्टी पुरेशी तापत नाही आणि दिवा पेटून राहतो. लोक अशा वेळी फ्लॅशर बदलतात, नवाही तसाच वागतो, मग म्हणतात हल्ली माल चांगला येत नाही. जुना फ्लॅशर बिघडलेला नसतो. मागे काहीतरी कमी वाहतंय, एवढं तो प्रामाणिकपणे दाखवत असतो.

मीटरचं एक टोक दिव्याच्या घराला, दुसरं बॉडीच्या उघड्या पत्र्याला. इंडिकेटर चालू. आठ व्होल्ट. चांगल्या अर्थला इथे एक दशांशाच्या आत हवं.

मुलगा डिकीत डोकं घालून दिव्याचे बोल्ट सोडतो. रंगकाम खरोखर सुंदर आहे. दिवा बसतो त्या जागी, बोल्टांच्या भोकांच्या आतसुद्धा, एकसारखा गडद हिरवा थर, त्यावर चकाकी. रंगाऱ्यानं कसूर ठेवली नाही, आणि नेमकं तिथेच पत्र्याचं तोंड बंद झालं. साठ वर्षांपूर्वी कारखान्यात बोल्ट कसताना दातेरी वॉशर रंग कुरतडून पत्र्याला भिडायचे. या वेळी गाडी जोडताना कुणीतरी चकचकीत सपाट वॉशर घातले.

बोल्टाभोवती वॉशरएवढंच वर्तुळ खरवडायचं, उघडा पत्रा दिसेपर्यंत. दातेरी वॉशर. वर पेट्रोलियम जेली, म्हणजे पुन्हा गंज चढणार नाही. बल्ब होल्डरच्या आतली पितळ घासायची, स्प्रिंग मरगळली असेल तर उचलायची. हे चारही दिव्यांना, तक्रार एकाच दिव्याची असली तरी. बाकीचे तीन अजून बोलले नाहीत, एवढंच.

पुन्हा मोजलं. आठचे शून्य पूर्णांक शून्य सहा.

दुपारी ३.१५

पुढच्या बाजूला वायरी एकमेकींना गोळीसारख्या टोकांनी जोडलेल्या असतात, दोन्हीकडून एका रबरी नळीत दाबलेल्या. आतली धातूची नळी गंजली की बाहेरून काही दिसत नाही. ओढून पाहिलं तर सैल, हातात पांढरी पूड. रेडिएटरजवळच्या सगळ्या नव्या घालतो, वायरीचं टोक मागे छाटून, लखलखीत तांब्यावर दाबून, वर झाळ देऊन. पुढच्या दिव्यांच्या काळ्या वायरीही यांतच असतात, त्या आधी.

बाईंचा फोन येतो. एलईडी बसवता येतील का? मागच्या गाड्यांना नीट दिसावं म्हणून. प्रश्न रास्त आहे. मी सांगते की या गाडीत एलईडी घ्यायचे तर पॉझिटिव्ह अर्थला चालणारे शोधावे लागतील, आणि ते इतका कमी करंट ओढतात की हा फ्लॅशर त्यांच्यावर लुकलुकणारच नाही, तोही बदलावा लागेल. त्याआधी आज संध्याकाळी मूळचे बल्ब एकदा बघा. बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड दहा टक्क्यांनी घटत नाही, जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. या गाडीचा मागचा दिवा बारातल्या आठ व्होल्टवर पाणी सोडून बसला होता. त्याला बल्बचा दोष म्हणता येणार नाही.

दुपारी ४.३०

शेवटी काडी. वळण संपल्यावर इंडिकेटर आपोआप बंद व्हायला दांड्यावर एक छोटा खुंट असतो. चाकं सरळ असताना तो स्विचकडे तोंड करून असायला हवा. हा थोडा फिरलेला आहे, म्हणून डावीकडे लवकर बंद होतो, उजवीकडे होतच नाही. सरळ करतो.

मग मोजणी. नियमानं इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवा. मुलगा घड्याळ धरतो. उजवा ८२, डावा ८४, इंजिन चालू ठेवून. इंजिन बंद करून थोडे कमी. मी दोन्ही आकडे लिहायला लावते, दुसरा जास्त महत्त्वाचा. सिग्नलला उभ्या गाडीचा डायनॅमो फार काही देत नाही, तेव्हा दिवे बॅटरीवरच चालतात.

संध्याकाळी ५.००

बाई येतात. निवृत्त शिक्षिका, हातात टोपी. आम्ही शेताच्या रस्त्यावरून एक फेरी मारतो. छत उघडं, त्यामुळे फ्लॅशरची टिकटिक नीट ऐकू येते. झुडपांमध्ये दडलेल्या वळणावर त्या हॉर्न देतात, दोन सुरांचा, आणि समोरून येणारा ट्रॅक्टर खरोखर थांबतो.

परत आल्यावर बिल. गोळ्या, रबरी नळ्या, वॉशर, तांब्याची वेणी, जेली. सुट्या भागांची बेरीज रात्रीच्या साध्या जेवणाइतकीही नाही. मजुरी मात्र पूर्ण दिवसाची, दोघांची.

“मग बदललं काय?” त्या विचारतात. आवाजात संशय नाही, कुतूहल आहे.

मी मीटरचे आकडे लिहिलेला कागद पुढे करते. सकाळी इथे सात, आता एक दशांश. इथे आठ, आता त्याहून कमी. इथे एक, आता काही नाही. “तुमच्या गाडीत करंट पोचतच होता. परत यायला जागा नव्हती. ती करून दिली.”

त्या कागद घडी घालून गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतात. बिल पर्समध्ये.

संध्याकाळी ५.४५

हत्यारं पुसून, जागच्या जागी. मुलगा उद्याचं कार्ड वाचतो: ट्रायम्फ स्पिटफायर, पार्किंगचे दिवे लावले की पेट्रोलचा काटा खाली येतो. “अर्थिंग?” तो विचारतो. असेल. मोजल्याशिवाय कार्डावर लिहायचं नाही.

जायच्या आधी आजच्या कार्डामागे पुढच्या माणसासाठी दोन ओळी लिहिते. आणि खरं तर त्या गाडी रंगवायला देणाऱ्या कुणाहीसाठी आहेत, मग ती एमजीबी असो, पुण्याच्या वाड्यातली फियाट असो की इचलकरंजीच्या आजोबांची अँबॅसिडर: रंगाऱ्याकडे गाडी नेण्याआधी जिथे जिथे काळी वायर किंवा दिवा पत्र्याला भिडतो, त्या जागांना चिकटपट्टी लावा आणि तेवढा पत्रा उघडा सोडायला सांगा. आणि रंगाच्या अंदाजपत्रकात वायरमनच्या एका दिवसाची ओळ आधीच धरा. नंतर धरली तर ती तेवढ्यात बसत नाही.